गाडी स्वतः चालेल हो, पण हप्ता कोण भरणार? चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यावर इलेक्ट्रिक कारचा खरा हिशेब



मागे मूलला आपली दोन दिवसांची कार्यशाळा झाली. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला एक विद्यार्थी बाजूला घेऊन बोलायला लागला. ताडोबाच्या बफरमधल्या गावचा पोरगा. घराच्या दोन खोल्या होमस्टेला काढल्यात. म्हणाला, "सर, इलेक्ट्रिक गाडी घेऊन राह्यलो. नागपूर विमानतळावरून पाहुणे आणायचे, ताडोबा फिरवून परत सोडायचे. टॉप मॉडेल घेतो. तिच्यात एडास हाय. गाडी स्वतःच चालते म्हणते."

मी विचारलं, "कर्ज किती?"

"पंधरा लाख. बाबा शेत तारण ठेवून देतो म्हणते."

"आणि महिन्याला फेऱ्या किती होतील?"

इथं तो गप्प झाला. गाडीची बॅटरी किती, रेंज किती, स्क्रीन किती इंचाची, शून्य ते शंभर किती सेकंदात, सगळं त्याला तोंडपाठ होतं. फेऱ्यांचा आकडा तेवढा माहीत नव्हता.

आजचा लेख त्याच्यासाठी आहे. आणि त्याच्यासारखे प्रश्न घेऊन व्हिडिओखाली येणाऱ्या तुम्हा सगळ्यांसाठी.

आधी गैरसमज काढू: "स्वतः चालणारी" म्हणजे काय?

जगभरात गाडीच्या स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या मानतात. शून्य म्हणजे सगळं ड्रायव्हर करतो. पाच म्हणजे ड्रायव्हर नसला तरी गाडी कुठल्याही रस्त्यावर, कुठल्याही हवामानात जाईल. पाचव्या पायरीची गाडी आज जगात कुठल्याही शोरूममध्ये विकत मिळत नाही.

आपल्याकडे "एडास" म्हणून जे विकलं जातं ते जास्तीत जास्त दुसऱ्या पायरीचं आहे. महिंद्राची एक्सयूव्ही ७०० २०२१ मध्ये आली तेव्हापासून हा शब्द घराघरात पोचला. आता बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांच्या वरच्या व्हेरियंटमध्ये तो असतो. दुसरी पायरी म्हणजे काय? गाडी स्टिअरिंगला थोडा हात देते, समोरच्या गाडीपासून अंतर ठेवते, धडक होणार असं वाटलं तर ब्रेक मारते. पण नजर रस्त्यावर तुमची, हात स्टिअरिंगवर तुमचे, आणि अपघात झाला तर जबाबदारीही तुमचीच. पोलीस स्टेशनला "साहेब, गाडी स्वतः चालत होती" हे उत्तर चालत नाही.

टेस्लाचंच बघा. १५ जुलै २०२५ ला मुंबईत बीकेसीला तिचं पहिलं शोरूम उघडलं. मॉडेल वायची किंमत तेव्हा ५९.८९ लाखांपासून होती. वर "फुल सेल्फ ड्रायव्हिंग" हवं असेल तर तेव्हा आणखी सहा लाख लागत होते. आणि ती सोय त्या वेळी भारतीय रस्त्यांवर सुरूच नव्हती! म्हणजे सहा लाख आधी द्यायचे आणि सोय येईल तेव्हा वापरायची. ज्याच्याकडे साठ लाख आहेत त्याला हे परवडतं. हप्त्यावर धंदा करणाऱ्याने असं करायचं नसतं.

दुसरी बाजूही ऐका. आपले नागपूरचेच नितीन गडकरी, रस्ते वाहतूक मंत्री, यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या आयआयएममधल्या कार्यक्रमात स्पष्ट सांगितलं होतं की ड्रायव्हर नसलेल्या गाड्या मी भारतात येऊ देणार नाही, कारण ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील. हे मत तुम्हाला पटो न पटो, पुढच्या पाच वर्षांचा हप्ता भरताना सरकारचं धोरण कुठल्या दिशेला आहे हे माहीत असायला पाहिजे.

आपल्या रस्त्यावर एडासमधलं काय चालतं, काय नाही?

एडास ही एक वस्तू नाही. ते दहा-पंधरा सोयींचं गाठोडं आहे. ते सोडून एकेक सोय हातात घेऊन बघू.

१. लेन सांभाळणं. कॅमेरा रस्त्यावरचे पांढरे पट्टे बघतो आणि गाडी मधे ठेवतो. समृद्धी महामार्गावर नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर पट्टे आहेत, तिथं मजा येते. पण आलापल्लीहून भामरागडकडे वळा. पट्टा सोडा, पावसाळ्यानंतर डांबराची कडही जागोजाग सापडत नाही. कॅमेऱ्याला पट्टाच दिसला नाही तर तो करणार काय?

२. समोरच्या गाडीपासून अंतर ठेवणारा क्रूझ. नागपूर-चंद्रपूरच्या मोकळ्या पट्ट्यात पायाला आराम मिळतो. घुग्घुस, बल्लारपूरकडे कोळशाच्या ट्रकांच्या रांगेत शिरलात की तुम्ही ठेवलेल्या अंतरात लगेच एक दुचाकी घुसते. गाडी ब्रेक मारते, मागचा ट्रकवाला हॉर्न मारतो. दोन दिवसांत ड्रायव्हर ती सोय बंद करून टाकतो.

३. आपोआप लागणारा ब्रेक. समोर गाडी असेल, माणूस असेल तर ही सोय खरंच जीव वाचवू शकते. पण आपला धोका वेगळा आहे. चंद्रपूरहून मूलला जाताना जंगल लागतं. रात्री आठनंतर चितळ कडेच्या झुडपातून थेट बॉनेटवर येतं. रानडुकरं रांगेनं रस्ता ओलांडतात. गावाजवळ गुरं डांबरावर बसलेली असतात, कारण डांबर उबदार असतं. आता गाडीचं मॅन्युअल उघडा आणि ब्रेकच्या पानावरची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की प्राणी ओळखला जाईलच असं नाही. इथं उपाय एकच, तो म्हणजे वेग कमी. चाळीसच्या वेगाने जाणाऱ्या साध्या गाडीला चितळ चुकवता येतं. नव्वदच्या वेगात एडासच्या भरवशावर बसलेल्याला येत नाही.

४. झोप आल्याची सूचना, बाजूच्या न दिसणाऱ्या जागेची सूचना, ३६० अंशाचा कॅमेरा, टायरमधली हवा दाखवणारा सेन्सर. यांची जाहिरात कमी होते, पण आपल्या कामाच्या या सोयी आहेत. सकाळच्या सफारीसाठी पाहुण्यांना गेटवर पोचवायचं म्हणजे ड्रायव्हर चारला उठतो आणि रात्री नागपूरहून परत येतो. त्याच्या डोळ्यावरची झापड ओळखणारी सूचना मला लेन सांभाळण्यापेक्षा मोलाची वाटते. चांगली गोष्ट ही की यातल्या काही सोयी मधल्या व्हेरियंटमध्येही मिळतात.

नागपूरने काय केलं ते बघा

आपल्या शेजारचं उदाहरण आहे, आणि फार थोड्यांना माहीत आहे. २०२१ मध्ये नागपुरात "आयरास्ते" नावाचा प्रकल्प सुरू झाला. नागपूर महानगरपालिका, इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी, केंद्राची रस्ते संशोधन संस्था असे सगळे एकत्र आले. शहर बसमध्ये कॅमेरे आणि धडकेची सूचना देणारी यंत्रणा बसवली. बस स्वतः चालवायची असा हेतूच नव्हता. ड्रायव्हर तोच, यंत्र फक्त बीप करून सांगतं: समोरचं अंतर कमी झालंय, माणूस आडवा येतोय.

आणि खरी हुशारी पुढे आहे. कुठल्या चौकात, कुठल्या वळणावर वारंवार बीप वाजतं याची नोंद जमा होते. जिथं अजून मोठा अपघात झालेला नाही पण होऊ शकतो, अशा जागा आधीच कळतात आणि तिथला रस्ता दुरुस्त करता येतो.

यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, आपल्या भागात हे तंत्र ड्रायव्हरचा मदतनीस म्हणून आलं तर टिकतं. दुसरी, नोंद ठेवा. एक साधा डॅशकॅम काही हजारांत येतो. अपघाताच्या वेळी पुरावा होतो, आणि आपला ड्रायव्हर कुठं जोरात चालवतो हेही दाखवतो. अडीच लाखांच्या व्हेरियंटआधी हा खर्च करून बघा.

डिझाइन: दिसायला भारी आणि धंद्याला भारी, यात फरक आहे

इलेक्ट्रिक गाडीच्या दिसण्यावर सगळ्यांची मतं असतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्राने बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई आणल्या तेव्हा अर्धे लोक म्हणाले विमानासारखी दिसते, वा! अर्धे म्हणाले, हे काय खेळणं काढलं! दोन्ही मतं ठीक आहेत. पण तुम्ही गाडी भाड्याने चालवणार आहात. तुमचे प्रश्न वेगळे.

काचेचं छत. शोरूममध्ये सुंदर दिसतं. चंद्रपूरच्या मे महिन्यात, पंचेचाळीस-सेहेचाळीस अंशांत, तेच छत डोक्यावर तवा होतं. एसी जोरात लावावा लागतो आणि रेंज खाली येते. छताला आतून पडदा आहे का, बघा. आणि मे महिना म्हणजे वाघ दिसण्याचा, पाहुण्यांचा हंगाम, हे विसरू नका.

सपाट, लपलेली दरवाजाची हँडल. हवेचा विरोध थोडा कमी होतो. पण अपघातानंतर बाहेरून दार उघडत नाही म्हणून चीनने १ जानेवारी २०२७ पासून अशा लपलेल्या हँडलवर बंदीचा नियम केला आहे. आपल्याकडे चिखल आणि लाल धूळ त्या फटीत बसते. म्हातारे पाहुणे "बेटा, दार कुठून उघडायचं?" म्हणून उभे राहतात.

सगळं स्क्रीनवर. एसी स्क्रीनवर, आरसा स्क्रीनवर, लाइटसुद्धा स्क्रीनवर. खड्ड्यात बोट एका जागी लागत नाही आणि नजर रस्त्यावरून हलते. युरोपातली गाड्यांची सुरक्षा तपासणारी संस्था युरो एनकॅप २०२६ पासून हॉर्न, इंडिकेटर, वायपर, धोक्याचे दिवे यांना खरी बटणं असली तरच पूर्ण गुण देणार आहे. तिकडचे लोक बटणाकडे परत येत आहेत. आपण मात्र स्क्रीनचे इंच मोजतोय.

पोट आणि स्टेपनी. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी पोटाखाली असते, आणि गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा तीच. जमिनीपासूनची उंची बघा. दगड लागून बॅटरीच्या कवचाला मार बसला तर वॉरंटीत येतं का, विम्यात येतं का, हे लेखी विचारा. आणि काही इलेक्ट्रिक मॉडेलमध्ये स्टेपनीच नसते, पंक्चर जोडायचं किट देतात! एटापल्लीच्या रस्त्यावर टायर बाजूने फाटला तर ते किट घेऊन काय करायचं?

शांतता. हा मात्र इलेक्ट्रिकचा खरा गुण. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही, थरथर नाही. जंगलात येणारा पाहुणा याचे पैसे देतो. फक्त गावातून जाताना काळजी घ्या. मागून गाडी आली हे म्हाताऱ्या माणसाला आणि बकरीला ऐकूच येत नाही.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. तुमची ही कार सफारीत जाणार नाही. सफारीला गेटवर नोंदणी झालेल्या गाड्या आणि गाइडच चालतात. तुमचा धंदा आहे विमानतळ ते गेट, गेट ते होमस्टे. त्या कामाला काय लागतं? चार माणसांच्या बॅगा मावतील अशी डिकी, थंड एसी आणि वेळेवर पोचणं. विमानासारखं नाक लागत नाही.

आता वही काढा: फेऱ्यांचा हिशेब

आकडे मी सोयीसाठी धरतोय. तुम्ही तुमच्या डीलरचे, तुमच्या बँकेचे आकडे टाका. पद्धत तीच राहील.

नागपूर-चंद्रपूर सुमारे १५० किलोमीटर. जाऊन-येऊन ३०० धरू.

पेट्रोल गाडी: लिटरला १५ किलोमीटर, लिटर १०५ रुपये. किलोमीटरला ७ रुपये. फेरीला २,१०० रुपये.

इलेक्ट्रिक गाडी: एका युनिटमध्ये ७ किलोमीटर. अर्धं चार्जिंग घरी १० रुपये युनिटने, अर्धं रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर २२ रुपये युनिटने. म्हणजे १५० किलोमीटरचे साधारण २१५ आणि उरलेल्या १५० चे साधारण ४७०. फेरीला अंदाजे ७०० रुपये.

फेरीमागे बचत १,४०० रुपये. छान! आता दुसरी बाजू.

इलेक्ट्रिक गाडी तशाच पेट्रोल गाडीपेक्षा चार लाखांनी महाग आहे असं धरू. दहा टक्के व्याज, पाच वर्षं. लाखामागे हप्ता साधारण २,१२५ रुपये. चार लाखांचा ८,५०० रुपये महिना, वर्षाचे १,०२,००० रुपये.

हप्ता बारा महिने येतो. पाहुणे बारा महिने येतात का? ताडोबाचा कोअर भाग पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, बंद असतो. मंगळवारीही बंद. बफरचे काही गेट चालू राहतात, पण गर्दी ओसरते. म्हणजे कमाईचे महिने नऊच धरा. त्या प्रत्येक महिन्यावर ११,३०० रुपयांचा भार. भागिले १,४००. महिन्याला आठ फेऱ्यांच्या थोडं वर. नववी फेरी मारली की इलेक्ट्रिक गाडी पेट्रोलपेक्षा फायद्यात.

आता एडासचं टॉप व्हेरियंट अडीच लाखांनी महाग आहे असं समजा. हप्ता आणखी ५,३०० रुपये. नऊ महिन्यांवर वाटला तर महिन्याला सुमारे ७,१००. भागिले १,४००. म्हणजे आणखी पाच फेऱ्या! नऊच्या जागी चौदा.

आता सांगा, त्या अडीच लाखांमुळे तुम्हाला महिन्याला पाच पाहुणे जास्त मिळणार आहेत का? मिळणार असतील तर खुशाल घ्या. पाहुणा "गाडीत लेव्हल दोन आहे का?" असं विचारून बुकिंग करतो का, हे तुमच्या शेवटच्या दहा पाहुण्यांना फोन करून विचारा.

आणखी चार गोष्टी गाडी बुक करण्याआधी:

• कंपनी सांगते त्या रेंजच्या साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश धरा. चारशे सांगितली तर एसी लावून २७० ते ३०० मिळेल. म्हणजे परतीला चार्जिंग लागणारच.

• भाड्याने चालवायची तर नोंदणी व्यावसायिकच करा. खाजगी इलेक्ट्रिकच्या हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं असतात, व्यावसायिकच्या हिरव्या पाटीवर पिवळी. केंद्राने २०१८ मध्ये बॅटरीवरच्या व्यावसायिक गाड्यांना परमिटमधून सूट दिली आहे. ती घ्या, पण खाजगी पाटीवर पाहुणे नेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

• बॅटरीची वॉरंटी व्यावसायिक गाडीला किती, हे वेगळं विचारा. जाहिरातीतली मोठी वॉरंटी बरेचदा फक्त खाजगी मालकासाठी असते.

• समोरची काच फुटली आणि तिच्यावर एडासचा कॅमेरा असेल तर नुसती काच बदलून भागत नाही. कॅमेरा पुन्हा जुळवावा लागतो. ते काम आपल्या गावच्या गॅरेजमध्ये होत नाही. गाडी किती दिवस उभी राहील ते विचारा. उभी गाडी हप्ता खाते.

गडचिरोलीच्या मित्रांनो, तुमचा हिशेब अजून वेगळा

अहेरी ते गर्देवाडा एसटी १ जानेवारी २०२५ ला सुरू झाली. त्या पट्ट्याने लालपरी बघायला इतकी वर्षं वाट बघितली. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. लाइट जाते ती कधी येईल सांगता येत नाही. चार्जर मोबाइल ॲपवर चालू होतो आणि मोबाइलला टॉवर नसतो. अशा ठिकाणी एकुलती एक गाडी इलेक्ट्रिक घ्या असं मी सांगणार नाही. गडचिरोली शहर, देसाईगंज, आरमोरी, चामोर्शी इथं मात्र फेऱ्या छोट्या, परतीला घर जवळ. तिथं इलेक्ट्रिक तीनचाकी, मालवाहू असो की प्रवासी, कारपेक्षा आधी विचारात घ्या. भांडवल कमी, चार्जिंग घरच्या सॉकेटवर.

आणि संधी कुठं आहे?

गाडी विकत घेणं हा एकच धंदा नाही. पुण्या-मुंबईहून, हैदराबादहून स्वतःची इलेक्ट्रिक गाडी घेऊन येणारा पाहुणा बुकिंग करण्याआधी विचारतो, "चार्जिंग आहे का?" चांगल्या अर्थिंगचा १५ अँपिअरचा सॉकेट, वेगळा एमसीबी, गाडीवर शेड. पाहुणा रात्रभर झोपतो, गाडी चार्ज होते. त्याचे पैसे घ्या किंवा खोलीच्या भाड्यात धरा. घरावर सौर पॅनेल बसवायचं असेल तर पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला तीन किलोवॅटपर्यंत ७८,००० रुपये अनुदान आहे. तीन किलोवॅटमधून चांगल्या उन्हात दिवसाला साधारण बारा युनिट मिळतात, म्हणजे गाडीचे ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. फक्त होमस्टेला घरगुती मीटर चालेल की व्यावसायिक लागेल, हे महावितरणला आधी विचारा.

सौर नसेल तर पाहुण्याला "शून्य प्रदूषण" असं सांगू नका. आपल्या चंद्रपूरचं वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे आणि कोळशावर चालतं. ऊर्जानगरच्या लोकांना त्या धुराची ओळख आहे. "जंगलात धूर नाही, आवाज नाही" एवढं सांगा. ते खरं आहे आणि तेवढं पुरतं.

त्या पोराचं काय झालं?

मी त्याला गाडी घेऊ नको असं म्हणालो नाही. एकच काम दिलं. दोन महिने ओळखीच्या माणसाची गाडी भाड्याने घेऊन फेऱ्या मार आणि वहीत लिही. पहिल्या महिन्यात पाच झाल्या, दुसऱ्यात सात. नऊला अजून दोन कमी. त्याने गाडी घेतली नाही. सॉकेट बसवला, शेड टाकली, होमस्टेच्या जाहिरातीत "चार्जिंगची सोय" असं लिहिलं. परवा फोन आला, "सर, या महिन्यात आठ होईल असं वाटते. नऊ झाल्या का मधलं मॉडेल घेतो."

बाबाच्या शेताचा सातबारा अजून कोरा आहे.

तुमचा गृहपाठ: तुमच्या भागातली एक फेरी निवडा. अंतर, भाडं, कमाईचे महिने, हप्ता, आणि किती फेऱ्यांनंतर फायदा, हे पाच आकडे एका पानावर लिहा. व्हिडिओखाली टाका, आपण पुढच्या भागात त्यातले तीन हिशेब फळ्यावर सोडवू.

भेटूया. हिशेब आधी, गाडी नंतर!